विश्लेषण : मेळघाटच्या नद्यांत ‘व्हाइटवॉटर कयाकिंग’ का शक्य नाही?

लडाखमधील झंस्कार असो की ऋषिकेशची गंगा, तिथल्या फेसाळत्या पाण्यातून वाट काढणाऱ्या छोट्या होड्यांच्या चित्रफिती आता वऱ्हाडातही मोबाइलवर सर्रास पाहिल्या जातात. पावसाळ्यात चिखलदऱ्याकडे निघालेल्या पर्यटकाला मग प्रश्न पडतो, डोंगर आहे, धबधबे आहेत, सिपना, गडगा, खंडूसारख्या नद्या आहेत, तर हा खेळ इथे का नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वऱ्हाडातील नद्यांच्या स्वभावात आहे आणि पुराच्या पाण्यात जाणाऱ्या बळींशीही त्याचा संबंध आहे.

व्हाइटवॉटर कयाकिंग म्हणजे काय?

कयाक ही दोन्ही टोकांना निमुळती, बहुधा एका माणसाची होडी. ती दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवतात. खडकांवर आदळलेल्या पाण्यात हवा मिसळून ते पांढरे दिसते, म्हणून ‘व्हाइटवॉटर’. अशा टप्प्यांची काठिण्यपातळी आंतरराष्ट्रीय श्रेणीत १ ते ६ अशी मोजली जाते. चौथी श्रेणी ‘प्रगत’ समजली जाते. तिथे प्रवाह जोरकस असतो, पण त्याचा अंदाज बांधता येतो. पाचव्या श्रेणीत चुकीला जागा नसते आणि अडकलेल्याची सुटका करणेही कठीण होते. सहावी जवळपास अशक्य कोटीतली. होडी उलटली तर आतच बसून वल्ह्याच्या झटक्याने ती सरळ करता येणे, ही या खेळाची पहिली परीक्षा. पाणी १० अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल किंवा प्रवास दुर्गम भागातून लांबचा असेल, तर ती नदी एक श्रेणी अधिक कठीण मानावी, असा अमेरिकेतील प्रचलित संकेत आहे.

हिमनद्यांवर पोसलेल्या नद्यांचे वेगळेपण काय?

या नद्यांना दिवसाचे वेळापत्रक असते. ऊन वाढले की बर्फ वितळते, दुपारनंतर पाणी चढते आणि रात्रीच्या थंडीने पहाटेपर्यंत उतरते. बर्फापासून नदीचा टप्पा जितका दूर, तितकी ही भरती उशिरा पोहोचते. त्यामुळे जाणकार चमू आदल्या दिवशीची पातळी पाहून सकाळी लवकर पाण्यात उतरतात. उन्हाळ्यात प्रवाह अनेक आठवडे टिकतो, म्हणून एकाच टप्प्याचा पुन्हा पुन्हा अभ्यास करता येतो. अर्थात, हिमालयातल्या नद्याही बेभरवशाच्या होऊ शकतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला आलेला लोंढा आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचे साउथ ल्होनाक सरोवर फुटून तिस्तेला आलेला महापूर ही त्याची उदाहरणे. ऋषिकेशलाही पावसाळ्यात राफ्टिंग बंद ठेवले जाते.

मेळघाटच्या नद्या कशा वागतात?

सिपना, गडगा, खंडू, खापरा आणि डोलार या मेळघाटातील नद्या तापीला मिळतात. गाविलगडच्या दक्षिण उतारावरून शहानूर, चंद्रभागा, वान या नद्या पूर्णेकडे जातात. यांपैकी एकीलाही बर्फाचा आधार नाही. सारा भरवसा पावसावर. डोंगर काळ्या बसाल्टचा, उतार तीव्र आणि अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ. त्यामुळे जोराचा पाऊस जमिनीत फारसा न मुरता ओढ्यांतून थेट नदीत येतो. काही तासांत पूर आणि उघडीप मिळाली की पुन्हा उघडे पडलेले गोटे, असा हा खेळ. वरच्या पट्ट्यात कोसळलेल्या पावसाचे पाणी खाली कोरड्या उन्हात उभ्या असलेल्या माणसापर्यंत अचानक येते. खाली पूर्णेच्या मैदानात उतार मंदावतो, पाणी गढूळ होते आणि काठ मातीचे, उभे व निसरडे असतात. म्हणजे डोंगरात प्रवाहाचा अंदाज येत नाही आणि मैदानात खेळाला लागणारे खडकाळ पात्र मिळत नाही.

कोलाडला जमते, मग इथे का नाही?

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग आणि कयाकिंग चालते. तिथले पाणी मुळशी धरणाचे. भिरा जलविद्युत केंद्रात वीज तयार झाल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. सोडण्याची वेळ ठाऊक असल्याने त्यानुसार सहली आखता येतात. केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात तर निव्वळ पावसावरच्या नद्यांत ‘मलबार रिव्हर फेस्टिव्हल’ भरतो आणि देशोदेशीचे कयाकपटू तिथे येतात. मात्र तिथल्या पश्चिम घाटात मोसमी पाऊस दिवसेंदिवस टिकून असतो. स्पर्धेचा टप्पा ठरलेला असतो आणि काठावर दोर घेऊन बचावपटू उभे असतात. पाऊस पुरेसा पडणे ही एक अट झाली. प्रवाह टिकणे, टप्पा माहीत असणे आणि सुटकेची सोय असणे या अटी त्याहून मोठ्या आहेत.

पुराच्या पाण्यात नेमका धोका कशाचा?

वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाणीही माणसाला आडवे पाडू शकते. पुरात वाहून आलेली झाडे पात्रात अडकतात. फांद्यांतून पाणी निघून जाते, पण माणूस तिथेच दाबला जातो. ठेंगण्या पुलांखालीही हेच घडते. सर्वात फसवा धोका बंधाऱ्यांचा. वऱ्हाडात ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे आहेत. अशा भिंतीवरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि वर आलेल्या माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढत राहते. काठावरून हा टप्पा अगदी साधा दिसतो. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेलच असे नाही.

झुंजच्या दुर्घटनेने काय दाखवले?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून ११ जणांना जलसमाधी मिळाली. एका नातलगाच्या दशक्रियेसाठी जमलेली ही एकाच कुटुंबातील आणि नात्यातील माणसे होती. ती कुठल्या साहसी सहलीला निघालेली नव्हती. नदीतल्या धबधब्याजवळच्या देवस्थानाकडे जाणारी एक साधी होडी, एवढाच तो प्रवास. बुडणाऱ्याला प्राणवायू मिळेनासा झाला की काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके नागपूर आणि धुळे येथे आहेत. तिथून वरुड वा धारणी गाठायला तास लागतात. अंगावरचे जीवरक्षक जॅकेट आणि काठावरचा प्रशिक्षित माणूस, हीच त्या काही मिनिटांतली खरी मदत.

नियम काय सांगतात?

राज्याचे साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आले. जमीन, हवा आणि पाण्यावरील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी त्याने लागू केल्या. उत्तराखंडमध्ये जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने नियमावली होईपर्यंत राफ्टिंगच थांबवले होते. मेळघाटचा मोठा भाग तर व्याघ्र प्रकल्पात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे वनविभागाच्या परवानगीविना तिथे होडी उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. पण हे नियम संस्थांसाठी आहेत. पुलावरून पाणी वाहत असताना दुचाकी घालणारा, धबधब्याखाली चित्रफीत काढणारा आणि डोंग्यातून पलीकडे जाणारा कुठल्याही नोंदवहीत नसतो.

मग वऱ्हाडात काय करता येईल?

कयाकिंगची सुरुवात संथ पाण्यातच होते. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळवले ते संथ पाण्यातील कनोइंगमध्ये. अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वान, शहानूर असे जलाशय वऱ्हाडात आहेत. त्यांपैकी जिथे जलसंपदा आणि वनविभागाची परवानगी मिळू शकेल, तिथे प्रशिक्षण केंद्र उभे राहू शकते. पोहणे, होडी सरळ करणे, दोर फेकून माणूस ओढणे या गोष्टी तिथे शिकवता येतील. नदी लहानपणापासून ओळखणारी कोरकू मुले आणि नदीकाठचे भोई तरुण यांच्याइतके योग्य बचावपटू दुसरे कोण असणार? वरच्या पट्ट्यात पर्जन्यमापक आणि खाली भोंगा, बंधाऱ्यांवर धोक्याचे फलक, प्रवासी होडीत प्रत्येकाला जॅकेट, ही कामे तर कयाकिंगची वाट न पाहताही करता येतात. झंस्कारसारखा टप्पा मेळघाटात होणार नाही. मात्र त्या खेळातली सुरक्षेची शिस्त वऱ्हाडातल्या नदीकाठांवर आणता येईल. पुढच्या पावसाळ्याआधी तिचीच अधिक गरज आहे.