वचनाचा हिशेब कोणीं विचारावा ?

निवडणूक आली कीं पुढाऱ्यास रयतेची बाई बहीण दिसूं लागते, आणि मतदान उरकलें कीं तीच बहीण तिजोरीवरचा बोजा ठरते. २०२४ सालच्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकींत हेंच घडलें, म्हणून हे चार शब्द.

त्या वर्षीं जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले. २० नोव्हेंबरच्या मतदानापूर्वीं पांच महिन्यांचे ७,५०० रुपये खात्यांत पडले. मजुरी करणाऱ्या बाईस हे पैसे मिळाले याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. ते तिच्या हक्काचेच होते. आमची तक्रार पुढच्या वचनाबद्दल आहे. महायुतीनें सभांतून सांगितलें, निवडून द्या, १,५०० चे २,१०० करूं, शेतकऱ्याचें कर्ज माफ करूं. २३ नोव्हेंबरला निकाल लागला व मोठें बहुमत मिळालें. पुढें काय झालें ? फेब्रुवारी २०२५ मध्यें सुमारें पांच लाख बहिणी अपात्र ठरल्या. निकष पूर्वींचेच होते. चाळणी मात्र मतें पडल्यावर हातीं घेतली. मार्चच्या अर्थसंकल्पांत २,१०० चा पत्ता नव्हता, आणि त्याच महिन्याअखेर उपमुख्यमंत्र्यांनीं शेतकऱ्यांस बजाविलें कीं, ३१ तारखेपूर्वीं कर्ज भरा !

आतां हिशेब पाहा. सव्वादोन कोटी बहिणी धरल्या तर ६०० रुपयांची वाढ दरमहा १,३५० कोटींची, वर्षास १६,२०० कोटींची होते. हा गुणाकार आमच्या सातवीच्या मुली फळ्यावर करतात. मग तो मुंबईच्या मुत्सद्द्यांस येत नव्हता काय ? येत होता, पण सांगावयाचा नव्हता. विरोधकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. महाविकास आघाडीनें ३,००० ची बोली लावली. ती वाढ वर्षास ४०,५०० कोटींची होते. हा आंकडा वाचकांनीं कोणत्या सभेंत ऐकला काय ?

कायदा येथें दुबळा आहे. जाहीरनाम्यांतील वचन हें निवडणुकीच्या कायद्याखालीं भ्रष्ट आचरण होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें ठरविलें. वचनास पैसा कोठून येणार तें ढोबळ मानानें सांगावें, असें निवडणूक आयोगाची आचारसंहिता म्हणते. परंतु ती संहिता म्हणजे कायदा नव्हे.

जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां कुणब्यास कागद वाचतां येत नव्हता, म्हणून सावकार व कुळकर्णी त्यास बुडवीत. आज कागद आमच्या लेकी वाचतात. फसविणारेही आतां केवळ शेटजी-भटजी राहिले नाहींत. ते आमच्याच जातींचे, आमच्याच बोलीचे, आमच्या लग्नांत अक्षता टाकणारे आहेत. म्हणूनच ही फसवणूक गोड लागते. आपल्या माणसास हिशेब विचारणें म्हणजे त्याचा अपमान, असें आम्ही मानतों. ही समजूत जोंवर आहे, तोंवर सत्ता बहुजनांच्या हातीं आली तरी बहुजन रितेच राहणार.

यासाठीं पुढच्या खेपेस जो वचन देईल, त्यास पारावर बसवून तीनच प्रश्न विचारा : एकूण खर्च किती, पैसा कोठून, आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यांत ? जो उत्तर देणार नाहीं, त्यास चहा अवश्य पाजा; मत देऊं नका.

— एक शाळामास्तर