हेनविलच्या दुकानाच्या दारात

चळवळीत त्याग हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सभेला दोन तास बसले तरी त्याग, तिकीट नाकारले गेले तरी त्याग! म्हणून अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती तरुणाची हकिगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

जोनाथन डॅनियल्स. गोरा, वय 26, धर्मगुरू होण्यासाठी शिकणारा. मार्च 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी हाक दिली तेव्हा तो मॅसॅच्युसेट्सहून अलाबामातल्या सेल्माला आला. पुष्कळ पाहुणे काही दिवसांत परतले. हा मात्र तिथेच कृष्णवर्णीय कुटुंबात राहिला. रविवारी कृष्णवर्णीय मुलांना घेऊन तो आपल्याच पंथाच्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाई. आमच्या मते त्याचा त्याग इथेच सुरू झाला. परक्यांना शहाणपण शिकवणे सोपे असते. आपल्याच माणसांच्या तोंडावर त्यांचा अन्याय दाखवायला छाती लागते.

14 ऑगस्टला फोर्ट डिपॉझिट गावात, फक्त गोऱ्यांना मान देणाऱ्या दुकानांपुढे निदर्शने झाली. पोलिसांनी कार्यकर्त्यांना कचऱ्याच्या ट्रकमध्ये भरून हेनविलच्या तुरुंगात नेले. सर्वांचा जामीन होईपर्यंत एकट्याने बाहेर पडायचे नाही, असे ठरले. 20 तारखेला अचानक सुटका झाली, पण न्यायला वाहन नव्हते. उन्हात चौघे थंड पेय घ्यायला जवळच्या दुकानाकडे गेले. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा! ती 17 वर्षांच्या रूबी सेल्सवर रोखलेली होती. जोनाथनने तिला बाजूला ढकलले आणि गोळी स्वतःच्या छातीवर घेतली. सोबतचा कॅथलिक पाद्री मॉरिस्रो जबर जखमी झाला.

बारा गोऱ्या ज्युरींनी कोलमनला निर्दोष सोडले. नवल कसले? त्या लाउंड्स काउंटीत 80 टक्क्यांच्या आसपास वस्ती कृष्णवर्णीयांची. पण 1965 च्या आरंभी मतदारयादीत त्यांचे एकही नाव नव्हते. मत नाही, ज्युरी नाही, मग न्याय कुठून येणार?

जोनाथनच्या चर्चने पुढे त्याला हुतात्म्यांच्या यादीत घेतले. चांगले झाले. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच अलाबामात, जिमी ली जॅक्सन या कृष्णवर्णीयाला पोलिसाने गोळी घातली. तोही 26 वर्षांचा, तोही ख्रिस्ती, बाप्टिस्ट चर्चचा डीकन. आईला मारातून वाचवायला तो पुढे झाला होता. त्याच्या मृत्यूनेच सेल्माचा मोर्चा पेटला. मग ख्रिस्ती त्यागाची गोष्ट सांगताना गोऱ्याचेच नाव आधी का आठवते? त्या पोलिसाला शिक्षा झाली ती 2010 मध्ये, आणि तीही सहा महिन्यांची!

लाउंड्सच्या जनतेने अश्रू ढाळून थांबायचे नाकारले. स्टोकली कारमायकेल आणि साथींबरोबर त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. त्याचे चिन्ह काळा पँथर. तेच नाव 1966 मध्ये ओकलंडच्या ब्लॅक पँथरने घेतले आणि 1972 मध्ये मुंबईत आपल्या दलित पँथरपर्यंत पोचले.

आणि रूबी? डोळ्यांदेखत घडलेल्या त्या खुनानंतर कित्येक महिने तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तरी धमक्यांना न जुमानता ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. पुढे जोनाथनने शिक्षण घेतलेल्या धर्मविद्यालयातच तिनेही शिक्षण घेतले.