होळीतले लाकूड आणि नदीकाठचा राडारोडा

फाल्गुनी पौर्णिमा जवळ येऊ लागली, म्हणजे क्षेत्राच्या गावी आळीआळीतून मुले लाकडे गोळा करू लागतात. पूर्वी ह्या लाकडांत वाळक्या फांद्या, मोडक्या बैलगाडीचे अवशेष, फार तर एखादी किडलेली चौकट असे. अलीकडच्या ढिगात प्लायवूडची फळकुटे, सनमायका चिकटविलेली कपाटांची दारे आणि तैलरंगाचे थर चढलेल्या खिडक्याच अधिक दिसतात. त्यांचे मूळ शोधावयास दूर जावे लागत नाही. गावातील वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी यात्रेकरूंसाठी लॉज उभे राहत आहेत. सागवानी तुळया व खांब जुन्या लाकडाचे व्यापारी रोख पैसे मोजून नेतात. निकामी लाकूड होळीत येते आणि विटामातीचा राडारोडा रात्री ट्रॅक्टरने नदीकाठी जातो.

घरमालकाला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याने हा माल न्यावा तरी कोठे? केंद्र सरकारने २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासंबंधी स्वतंत्र नियम केले. पाच लाखांहून कमी वस्तीच्या गावांनाही प्रक्रियेची सोय उभारण्यास त्यांत तीन वर्षांची मुदत होती. ती २०१९ सालीच संपली. त्यानंतर २०२५ मध्ये नवे नियम आले आणि त्यांच्या अंमलाचा दिनांक १ एप्रिल २०२६ ठरला. नव्या नियमांत उत्पादकावर टाकलेली मोठी जबाबदारी २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर आहे. आमच्याकडील दोनमजली वाडा त्या मापात कोठून बसणार? म्हणजे लहान पाडकामाचा भार नगरपालिकेवरच राहिला.

मोठ्या शहरांनी काय केले, हे पाहण्याजोगे आहे. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली देशातील असा पहिला प्रकल्प सुरू झाला. तेथे राडारोडा भरडून त्याचे पेव्हर ब्लॉक व रस्त्याकडेचे दगड करतात. मुंबई महापालिकेने दहिसर व शिळफाटा येथे दररोज प्रत्येकी ६०० टन क्षमतेची केंद्रे उभारली आहेत. एवढी यंत्रे लहान गावाने घेऊ नयेत, असे माझे मत आहे. पोटापेक्षा मोठा घास घेतला की यंत्र गंजते आणि कर्ज मात्र राहते. तालुक्यातील चार-पाच नगरपालिकांनी मिळून एक भरडयंत्र चालवावे. गावाने आपल्यापुरती पूररेषेबाहेरची एक कुंपण घातलेली जागा विकास आराखड्यात राखून ठेवावी.

त्या जागेत लाकडाला निराळा कोपरा हवा. २०१६ च्या नियमांत मोठ्या पाडकामासाठी जे चार वर्ग सांगितले, त्यांत लाकूड हे पोलाद आणि प्लास्टिक ह्यांच्या पंक्तीस बसविले होते. व्यवहारात ते पुरत नाही. खडीत लाकडाचे तुकडे मिसळले तर ते फुगतात, कुजतात आणि तयार ब्लॉक कच्चा राहतो. शिवाय लाकूड-लाकडातही भेद आहे. कोरे लाकूड सुताराकडे किंवा बॉयलरकडे जाऊ शकते. प्लायवूडच्या सरसात फॉर्मल्डिहाइडची द्रव्ये असतात, जुन्या रंगांत शिसे असते; घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली. असे लाकूड होळीत पडले की त्याचा धूर प्रदक्षिणा घालणाऱ्या लेकरांच्याच छातीत जातो.

अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. त्यात भंगलेली मूर्ती कोणत्या द्रव्याची, हे प्रथम पाहावयाचे असते: लाकडाची असेल तर अग्नीस, पाषाणाची असेल तर जलास. हाच आधार सांगून एका गृहस्थांनी भिंतीचे दगड नदीत लोटल्याचे समर्थन माझ्यापाशी केले! तो विधी पूजिलेल्या मूर्तीचा आहे, सिमेंटच्या गिलाव्याचा नव्हे. त्यातून घ्यावयाचे ते इतकेच की, द्रव्य ओळखल्यावाचून विसर्जन नाही.

आता पैशाचा प्रश्न. राडारोडा आणून टाकताना शुल्क मागितले, तर ट्रॅक्टरवाला पुन्हा अंधारात नदीच गाठणार. म्हणून पाडकामाची व बांधकामाची परवानगी देतानाच अंदाजी शुल्क भरून घ्यावे आणि जागेत माल पोहोचल्याची पावती दाखविल्यावर काही भाग परत करावा. तयार मालाला गिऱ्हाईक शोधण्याची यातायातही नको. सरकारी व नगरपालिकेच्या कामांत असा माल १० ते २० टक्के वापरावा, असे २०१६ च्या नियमांतच होते; आणि क्षेत्राच्या गावी प्रदक्षिणामार्गाची फरसबंदी तर दर दोन-चार वर्षांनी उखडून नव्याने होतच असते.

नगरपालिकांचे अर्थसंकल्प साधारणतः ह्याच दिवसांत मंजूर होतात. कुंपण, वजनकाटा आणि एक पहारेकरी एवढ्याची तरतूद त्यात आहे की नाही, हे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास होळीपूर्वीच विचारता येईल.