उधारीची वही आणि नवा कायदा

बेळगावचा खडेबाजार असो वा एखाद्या खेड्याचा नाका, किराणा दुकानदारापाशी उधारीची वही असतेच. कोणाकडे किती येणे आहे, कोणाचा हात सध्या आखडला आहे, हे तिला ठाऊक असते. ही माहिती चारचौघांत बोलू नये, हा संकेत कोणत्याही कायद्याहून जुना आहे.

आता ती वही भ्रमणध्वनीत आणि संगणकात जाऊ लागली आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. केवळ कागदावरची नोंद या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तीच संगणकात चढविली की कक्षेत येते.

कायद्याचा हेतू रास्त आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो भाराच्या वाटणीचा. माहिती सुरक्षित ठेवणे आणि ती फुटल्यास संबंधित ग्राहकाला व मंडळाला कळविणे, ही कर्तव्ये मोठ्या कंपनीला आहेत तशीच छोट्या दुकानालाही आहेत. कंपनीपाशी वकील असतात, तंत्रज्ञ असतात. आमचा दुकानदार स्वतःच मालक, कारकून आणि प्रसंगी हमाल! सुरक्षेतील कसुरीबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दंड प्रमाणशीर असावा असे कायदा सांगतो खरा, परंतु तो आकडा वाचूनच लहान माणसाची छाती दडपते.

जिथे ग्राहकाची संमती मागावयाची, तिथे सूचनापत्र इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावयाची आहे. सीमाभागातील मराठी माणसाला या तरतुदीचे मोल निराळे सांगावयास नको. पण बावीस भाषांतील मसुदे एकट्या दुकानदाराने कोठून आणावेत?

काही वर्गांना सवलत देण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. त्या सवलतीतही सुरक्षेचे कर्तव्य सुटत नाही, आणि सुटूही नये. मात्र सूचनापत्रांचे सोपे, तयार मसुदे सर्व भाषांत सरकारनेच पुरवावेत, ही अपेक्षा वाजवी आहे.

दुकानदारांनाही एक सांगणे आहे. नाव आणि येणे यांवर काम भागत असेल, तर जन्मतारीख व आधार क्रमांक मागूच नयेत. जे घेतलेच नाही, ते सांभाळण्याचा भारही नाही.