विचारावयाचें, परंतु ऐकावयाचें नाहीं

घरांत मुलाच्या हातून कांहीं आगळीक झाली म्हणजे वडीलधारें माणूस त्यास जवळ बोलावून ‘तुझें काय म्हणणें आहे?’ असें विचारतें. परंतु शिक्षा अगोदरच ठरलेली असेल, तर त्या विचारण्यांत अर्थ तो काय? आमच्या फौजदारी कायद्यांत असा विचित्र प्रकार कित्येक वर्षें चालू होता.

१८६० च्या दंडसंहितेचें ३०३ वें कलम असें होतें, कीं जन्मठेप भोगीत असलेल्या इसमानें खून केल्यास त्यास फांशीच द्यावी. एरवींच्या खुनास ३०२ व्या कलमान्वयें फांशी किंवा जन्मठेप यांतून निवड करण्याची मोकळीक न्यायाधीशास होती. येथें ती नव्हती. तुरुंगावरील अधिकाऱ्यांचें (आणि त्या काळीं ते बहुधा गोरे!) रक्षण व्हावें, हा मूळ हेतु. पण कलमाची भाषा तुरुंगापुरती नव्हती. जन्मठेप केवळ खुनासच होते असें नाहीं. बनावट दस्तऐवज केल्याबद्दलहि ती होऊं शकते. असा एखादा कैदी पॅरोलवर घरीं आला, आणि रागाच्या भरांत त्याच्या हातून भाऊबंदाचा खून झाला, तरी फांशीच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें तर शिक्षेपूर्वीं आरोपीचें म्हणणें ऐकण्याचें आणि फांशी दिल्यास तिचीं विशेष कारणें नमूद करण्याचें बंधन घातलें होतें. न्यायाधीश विचारी, कैदी सांगे, आणि व्हावयाचें तेंच होई!

१९८३ सालीं मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं हें कलम घटनाबाह्य ठरविलें. प्रमुख निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचें, ते पुण्याचे. गुन्हेगाराची परिस्थिति न पाहतां त्याचा जीव घेणें घटनेच्या १४ व २१ या कलमांत बसत नाहीं, असा त्याचा आशय.

आतां दुसरी बाजू. एकाच अपराधास एका न्यायाधीशानें दोन वर्षें द्यावीं व दुसऱ्यानें दहा, हें कोणास रुचेल? बालकांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधींच्या २०१२ च्या कायद्यांत किमान शिक्षा आहेत, आणि २०१९ सालीं त्यांतील कांहीं वाढविल्या. त्यांमागें न्यायाधीशाच्या ढिलाईची धास्ती असावी. ती अगदींच निराधार आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र उंबरठा घालणें निराळें आणि दारच लावून घेणें निराळें.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०४ व्या कलमांत अशा कैद्यास फांशी अथवा मरेपर्यंत कारावास, असे दोन पर्याय आहेत. दुसराहि कांहीं सौम्य नव्हे. परंतु न्यायाधीशानें विचारलें, तर कैद्याच्या उत्तरावर आतां त्याचा जीव अवलंबून आहे.