बाटली उघडण्याआधी

मृग लागला की तळ्यांच्या देखभालीची कामे घेणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत ऐकू येऊ लागतो : काल रात्रीपर्यंत मासे बरे होते, आज सकाळी सगळे वर तोंड काढून आहेत, काय घालू? मालकाने असे विचारणे स्वाभाविक आहे. खटकते ते हे की आपल्यापैकी बरेच जण त्याला तसेच्या तसे उत्तर देतात. मीठ घाला, पोटॅशियम परमँगनेट घाला, फॉर्मॅलिन घाला. पाणी तपासलेले नसते, तळे किती लिटरचे हेही धड ठाऊक नसते. परसातल्या कोईच्या तळ्यात अचानक काही बिघडले, तर पाणी मोजून होईपर्यंत त्यात औषधाचा थेंबही जाऊ नये, हा नियम तळी बांधणाऱ्यांनी, सांभाळणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी स्वतःला घालून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. थांबावे लागू नये अशा गोष्टी फार थोड्या. हवा वाढवणे आणि खाद्य बंद करणे यांनी कोणत्याही तळ्याचे वाईट होत नाही. नळाचे पाणी उघडे राहून क्लोरीन शिरल्याची खात्री असेल, तर सोडियम थायोसल्फेट घालायलाही थांबू नये. बाकी सगळे मोजमापानंतर.

वर तोंड काढलेल्या माशांचेच पाहू. २० अंश तापमानाला गोडे पाणी लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, ३० अंशांना साडेसात, आणि पुणे-नाशिकच्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. उन्हाळ्यात हिरवेगार झालेले तळे दिवसा शेवाळाच्या जोरावर प्राणवायूने भरलेले असते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे, फिल्टरमधले जीवाणू आणि तळाचा गाळ मिळून तो संपवतात. त्यात दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले की दिवसाची भर पडत नाही आणि पहाटेपर्यंत पाणी जवळजवळ रिकामे होते. रात्रीत वीज गेली असेल तर विचारायलाच नको. याची खूणही ठरलेली आहे : मासे एकदम आणि पहाटेच वर येतात, पाणी पडते त्या तोंडाशी गर्दी करतात, मोठे आधी दगावतात, लहान तग धरतात, आणि ऊन चढल्यावर उरलेले पुन्हा खाली जातात. आता या तळ्यात कल्ल्यांचे परजीवी समजून फॉर्मॅलिन घातले, तर काय होते? लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉर्मॅलिन पुढच्या दिवस-दीड दिवसात सुमारे १ मिलिग्रॅम प्राणवायू खाते. तळ्यासाठीची प्रचलित मात्रा २५ मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्राणवायू गेला. मुळात तेवढा नव्हताच म्हणून तर मासे वर आले होते. शिवाय फॉर्मॅलिन शेवाळही मारते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची आवकही बुडते. मासे मरतात आणि रोग फार पुढे गेला होता असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो.

यावर जुनीजाणती मंडळी म्हणतील, औषधाचे कबूल, पण निम्मे पाणी बदलायला मोजमाप कशाला हवे? पाणी बदलून कोणाचे वाईट झाल्याचे ऐकले आहे का? झालेले आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. फिल्टरमधले जीवाणू १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निकालात काढताना पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च करतात. धरणाचे पाणी मुळात मृदू, कोकणातल्या जांभ्याच्या पट्ट्यातले त्याहूनही, आणि पावसाच्या पाण्यात तर क्षारता जवळपास नसतेच. दोन-तीन वर्षे नुसती भर घालत चालवलेल्या तळ्यात ही शिल्लक एखाद्या आषाढात संपते. मग पीएच घसरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. मासे मलूल दिसतात, पण मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशांना, पीएच ६.५ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम ०.२ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. समजा, या तळ्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम एकूण अमोनिया आहे आणि मालकाने घाबरून निम्मे तळे उपसून बोअरचे पाणी सोडले. आपल्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले असते, पीएच ८ असणे नवलाचे नाही. अमोनिया निम्मा झाला खरा, पण पीएच आठच्या आसपास गेला तर त्यातला विषारी हिस्सा आधीच्या दहा-पंधरा पट होतो. पाणी बदलले आणि तासाभरात मासे उलटले, ही तक्रार इथून येते. या तळ्याला आधी खाद्य बंद, मग झिओलाइटने अमोनिया बांधून घेणे, आणि त्यानंतर थोड्याथोड्या पाण्याने व खाण्याच्या सोड्याने पीएच सावकाश वर आणणे, एवढेच मानवते. त्याच वेळी कोणी काळजीपोटी मीठ टाकले तर झिओलाइट धरलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सोडून देते, हेही लक्षात ठेवावे. पीएच, अमोनिया आणि क्षारता यांच्या तीन चाचण्यांना वीस मिनिटे लागतात. त्यांच्याविना हा प्रकार वरून ओळखता येत नाही.

परजीवींचे काय, हा दुसरा आक्षेप. ते खरेच असतात, वाढतातही झपाट्याने, आणि आम्ही त्यांना कमी लेखत नाही. पण माशांनी अंग घासणे हे एकच लक्षण ट्रायकोडिनाचे, कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींचे, क्लोरीनचे, अमोनियाचे आणि घसरलेल्या पीएचचेही असते. कृमींवरचे प्राझिक्वान्टेल ट्रायकोडिनाला काही करत नाही, आणि क्लोरीनवर तर परजीवींचे कोणतेच औषध चालत नाही. माशाच्या अंगावरचा चिकटा काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काम भागते. आर्ग्युलस म्हणजे माशांच्या उवा आणि नांगरकिडा तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. शिवाय दोन्ही संकटांचा वेग सारखा नाही. परजीवी काही दिवसांत तळे रिकामे करतात, प्राणवायूची टंचाई काही तासांत. आधी कशाकडे पाहायचे याचा निवाडा त्यातच झाला.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी लिहीत नाही, पण खरा तोच आहे. मालकाला काहीतरी केल्याचे दिसावे लागते. पाणी तपासून, एअर पंप वाढवून निघालेला माणूस त्याच्या लेखी काहीच न करता गेलेला असतो. दुकानदाराला बाटलीत नफा आहे, तपासणीत नाही. याला उपाय उपदेशाचा नाही, व्यवहाराचा आहे : तपासणीचे वेगळे पैसे लावा आणि आकडे लिहून द्या. थेंबांचे टेस्ट किट एखाद्या बऱ्या कोईच्या किमतीहून स्वस्त पडते. कागदी पट्ट्या पावसाळी दमटपणात लवकर खराब होतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. तळ्याचे लिटरही एकदा नीट काढून ठेवावेत. १२ बाय ८ फुटांचे, ३ फूट खोल तळे हिशेबाने ८,१५० लिटरचे होते. पण भिंती उतरत्या असतील आणि सरासरी खोली अडीच फूट भरली, तर पाणी ६,८०० लिटरच. डोळ्यांनी अंदाज बांधून दिलेली मात्रा इथे पाचव्या हिश्शाने जास्त झाली. पोटॅशियम परमँगनेटसारख्या औषधात सुरक्षित आणि घातक यांतले अंतर फार नसते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

किटला सगळे कळते असाही आमचा दावा नाही. डेंग्यूच्या दिवसांत सोसायटीत धूरफवारणी होते. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अगदी अल्प प्रमाणातही मारतात, आणि कोणतेही घरगुती किट ती दाखवत नाही. म्हणून मोजमापाच्या जोडीला चौकशी हवी : काल फवारणी झाली का, बागेत औषध मारले का, गच्चीचे पाणी तळ्यात उतरते का, नवा मासा कधी सोडला. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाणी निर्दोष, फवारणी नाही, आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी विलगीकरणाविना नवे मासे सोडलेले, असे असेल तर संशय विषाणूंकडे न्यावा. कोई हर्पिस विषाणू १९९८च्या सुमारास इस्राएल आणि अमेरिकेतल्या साथींतून पुढे आला. तो साधारण १८ ते २८ अंशांच्या पाण्यात उचल खातो, आणि घाटमाथ्यावर वर्षातले कितीतरी महिने तळी त्याच तापमानात असतात. त्यावर औषध नाही, आणि वाचलेला मासा वाहक राहू शकतो. कार्प एडीमा विषाणूची भारतातल्या कोईंमध्ये नोंद झालेली आहे. त्यात मासे तळाशी झोपल्यासारखे पडून राहतात, आणि अर्धा टक्का मिठाने, म्हणजे हजार लिटरला ५ किलो, त्यांना तगायला मदत होते. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर मिठाआधी ते काढून घ्यायचे.

विषाणूचा संशय आला की नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरी आणि नागपूरची मत्स्य महाविद्यालये येथे या विषयाचे जाणकार आहेत. मेलेला, फुगलेला मासा त्यांच्या उपयोगाचा नसतो. लक्षणे दाखवणारा जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत, तळ्याचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत, आणि तळ्यात काय काय, किती घातले याची तारीखवार यादी, एवढे सोबत द्यावे. परमँगनेटने होरपळलेले कल्ले पाहून मूळ आजार सांगणे अवघड जाते, आणि आज येणाऱ्या बहुतेक नमुन्यांबरोबर ती यादी नसतेच.