आधी पाना, मग पाइप

‘मॉडिफाय’ हा आपल्या पिढीचा भारी लाडका शब्द आहे. होस्टेलमध्ये कुणी नवी बाइक घेतली की पहिला प्रश्न, “काय काय मॉडिफाय करणार?” ‘रिपेअर’ हा शब्द मात्र कुणी एवढ्या प्रेमाने उच्चारत नाही. ते काम गॅरेजमधल्या काळ्या हातांच्या मिस्त्रीचं. मॉडिफाय करतो तो इंजिनिअर, रिपेअर करतो तो मेकॅनिक, अशी एक जातव्यवस्थाच आपण डोक्यात करून ठेवलीय. माझं मत सरळ आहे. ही उतरंड खोटी आहे, आणि ज्याला गाडी रिपेअर करता येत नाही त्याने तिला मॉडिफाय करायला हातच लावू नये. याला सर्वांत चांगला पुरावा म्हणजे स्पोर्ट क्वाड बाइक.

क्वाड म्हटल्यावर आपल्याला किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारायला देतात ती जाड टायरची गाडी आठवते. ती बिचारी गरीब गाय. स्पोर्ट क्वाड हा वेगळा प्राणी. हाताने क्लच, पायाने गिअर, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र ए-आर्म, आणि मागे चेनवर फिरणारा एकच सरळ अ‍ॅक्सल. डिफरेन्शियल नाही! म्हणजे वळताना आतलं चाक घसरलंच पाहिजे, नाहीतर गाडी वळणारच नाही. म्हणून चालवणारा बूड सीटवरून उचलून वळणाच्या आत झुकतो. गाडी आणि माणूस मिळून एक यंत्र होतं ते असं.

या गाड्या जपानी, पण वाढल्या अमेरिकेत. सुझुकीची एलटी250आर 1985 ला आली, होंडाची टीआरएक्स250आर 1986 ला, आणि 1987 च्या मॉडेलला यामाहाची बॅन्शी. तोवर तिथे तीनचाकी गाड्यांची चलती होती. त्या इतक्या उलटायच्या, की 1988 मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टात समझोता झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चौथं चाक हौस म्हणून आलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी बोलणार आहे ते मुख्यतः बॅन्शीबद्दल. का, तर ती आपली लांबची नातेवाईक लागते. तिचं इंजिन म्हणजे 347 सीसीचं, दोन सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक. ते यामाहाच्या आरडी350एलसी या मोटरसायकलवरून घेतलेलं. त्याच आरडी घराण्यातली हवेने थंड होणारी गाडी आपल्याकडे एस्कॉर्ट्सने 1983 पासून ‘राजदूत 350’ म्हणून विकली. दोन्हींचा बोअर 64 मिलिमीटर आणि स्ट्रोक 54 मिलिमीटर. आपल्या गाडीची ताकद मायलेजसाठी मुद्दाम कमी केलेली होती, तरी ती परवडत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि बंद झाल्यावर तीच गाडी देवघरात ठेवल्यासारखी जपायला लागले! पुण्या-मुंबईत आरडी जिवंत ठेवणारे जे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्यासमोर बॅन्शीचं इंजिन ठेवलं तर ते बिचकणार नाहीत. एक फरक मात्र लगेच सांगावा लागेल. आरडीला तेलाचा वेगळा पंप होता, बॅन्शीला नाही. तेल पेट्रोलमध्येच कालवायचं, बहुतेक जण 32 ला 1 या प्रमाणात. विसरलात तर पुढचं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येऊ. बॅन्शी घेतली की माणूस पहिल्यांदा काय करतो? पाइप बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा नुसता आवाज दाबायचा डबा नसतो. त्याच्या फुगीर पोटातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्यामुळे पाइप बदलला की खरंच ताकद वाढते. मग एअरबॉक्सचं झाकण काढतात, इग्निशनची प्लेट चार अंश पुढे सरकवतात. गाडी दोन दिवस वाऱ्यासारखी पळते आणि तिसऱ्या दिवशी पिस्टन पकडतो. सीझ! मग नवा पिस्टन, रिबोअर, आणि पुन्हा सीझ. “माल डुप्लिकेट होता,” हे ठरलेलं निदान.

माल बहुतेक वेळा बरा असतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रॅंककेस म्हणजे स्वतःच एक पंप. खाली मिश्रण ओढायचं, दाबायचं आणि वर पाठवायचं. या पंपाला कुठेही बारीक भोक असेल, क्रॅंकचं ऑइल सील कडक झालं असेल, इनटेकच्या रबराला चीर गेली असेल, तर इंजिन तिथून चोरून हवा घेतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल त्यातच आहे. उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि पकडतो. आधीच असं हवा घेणाऱ्या इंजिनाला तुम्ही वरून जास्त श्वास घेणारा पाइप लावलात, झाकण काढलंत आणि जेट मात्र तोच ठेवलात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

मजा म्हणजे बॅन्शी दुखणं कुठे आहे ते स्वतःच सांगते, ऐकणारा पाहिजे. उजवीकडे क्लच आहे. तिथलं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. धूर थांबत नाही आणि गिअरचं तेल गूढपणे कमी होत जातं. डावीकडे स्टेटर आहे. तिथलं सील गेलं तर धूर नाही, तेल कमी होत नाही, काहीच दिसत नाही. फक्त डावा सिलिंडर कोरडा पडत जातो. म्हणून दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवायचे. एक चॉकलेटी आणि एक पांढुरका निघाला तर तुमचा प्रश्न जेटचा नाही, भोकाचा आहे. थर्मोडायनॅमिक्सच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये मला ‘लीन मिक्स्चर’ जेवढं कळलं नव्हतं, तेवढं या दोन प्लगच्या गोष्टीत कळलं. (सर वाचत असतील तर कृपया टर्मवर्कवर परिणाम नको.)

त्यावर खात्रीची परीक्षा म्हणजे लीक टेस्ट. एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत साधारण 6 पीएसआय दाबाने हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. सहा मिनिटं दाब टिकला तर इंजिन पास. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. सायकलच्या पंक्चरवाल्याचंच तंत्र! पाइप बसवायच्या आधी ही परीक्षा करणारा माणूस आणि न करणारा माणूस यांत खरा इंजिनिअर कोण, ते तुम्हीच ठरवा.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. बॅन्शीवर ‘टॉर्स’ नावाची एक सुरक्षा व्यवस्था आहे. तुम्ही अंगठा सोडलात, पण कार्बोरेटरमधली स्लाइड वरच अडकून राहिली, तर ही व्यवस्था इग्निशन तोडते आणि इंजिन बेफाम होऊ देत नाही. त्यासाठी थ्रॉटलच्या लिव्हरपाशी आणि दोन्ही कार्बोरेटरच्या डोक्यावर छोटे स्विच आहेत. चिखल आणि पाणी जाऊन हे स्विच खराब होतात, आणि मग सगळं ठीक असतानाही गाडी फटफट करून अडते. यावरचा जगन्मान्य उपाय काय? टॉर्स काढून फेकून द्या. त्यासाठी तयार किट मिळतं आणि त्याला मॉडिफिकेशन म्हणतात!

ते काढूच नये, असं मी म्हणत नाही. शर्यतीत भाग घेणारे काढतात, पण ते मनगटाला दोरी बांधलेला किल-स्विच लावतात. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. माझा आक्षेप आहे तो न तपासता काढण्याला. मल्टिमीटर लावून कुठला स्विच मेला ते शोधायला फारसा वेळ लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्लाइड अडकते का? फिल्टर साफ नसतो म्हणून वाळू जाते, केबल आतून तुटत आलेली असते. टॉर्स काढल्यावर तुमच्या आणि दगडाच्या मध्ये एक केबल आणि एक स्प्रिंग एवढंच उरतं. निदान ती केबल तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या ना.

आता चेसिस. इथे तर आपण लोक स्वतःला तज्ज्ञच समजतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये लाल-निळी चित्रं निघतात. गाडी वळणात उलटू नये म्हणून लांब ए-आर्म आणि रुंद अ‍ॅक्सल लावतात. हिशोब सोपा आहे. घसरण्याऐवजी गाडी उलटायला लागते ती मर्यादा म्हणजे ट्रॅकची रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा ट्रॅक 90 सेंटिमीटर आणि माणसासकट गुरुत्वमध्य 60 सेंटिमीटरवर, तर उत्तर 0.75 जी. ट्रॅक 10 सेंटिमीटरने वाढवला तर 0.83. छान! पण त्याच उत्साहात मोठे टायर आणि उंच शॉकअप लावून गुरुत्वमध्य 7 सेंटिमीटर वर नेला, तर उत्तर पुन्हा 0.75 च्या खाली. पैसे गेले, वजन वाढलं, आहोत तिथेच. हा हिशोब ढोबळ आहे, टायरचं दबणं आणि चालकाचं झुकणं त्यात नाही, हे मान्य. शिवाय आर्म लांब झाला की शॉकअपवर लिव्हरेज बदलतं, बॉल जॉइंट आणि बेअरिंगवर ताण वाढतो. जुन्या गाडीची बेअरिंग आधीच ढिली असेल तर? चाक वर-खाली धरून हलवून बघणं ही दहा सेकंदांची गोष्ट आहे. ती कुठल्याच चित्रात दिसत नाही.

माझे मित्र यावर म्हणतील, अरे, असं घाबरत बसलो तर नवीन काही होणारच नाही. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गॅरेजवाल्यांनी आधी गाड्या रुंद केल्या, शॉकअप बदलले, आणि कंपन्या मागून आल्या. सुझुकीने 2006 ला एलटी-आर450 आणली ती फ्युएल इंजेक्शनसकट आणि कारखान्यातूनच रुंद. बॅन्शीची अमेरिकेतली विक्री 2006 च्या मॉडेलनंतर थांबली, तरी तिचे सिलिंडर, क्रॅंक, क्रॅंककेस, अगदी फ्रेमसुद्धा बाहेरचे कारखाने बनवतात. मॉडिफाय करणाऱ्यांनीच ही गाडी जिवंत ठेवलीय, हे मी नाकारत नाही. पण हे लोक कोण होते? शेकडो फुटलेली इंजिनं ज्यांनी टेबलावर उघडली ते. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो म्हणून त्याला गॅप जास्त द्यायचा, हे त्यांना मायक्रोमीटर हातात धरून कळलं होतं.

आपल्याकडे स्पोर्ट क्वाड रस्त्यावर चालवायची सोय नाही, आणि नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा आपला संबंध येतो तो विद्यार्थ्यांच्या क्वाड बनवायच्या स्पर्धांशी. तिथे दरवर्षी टीम नवी फ्रेम वेल्ड करते, बाजारातून आणलेलं इंजिन बंद डब्यासारखं बसवते आणि रिपोर्ट छापते. गेल्या वर्षीची गाडी का तुटली, हे पुढच्या टीमला कुणी सांगत नाही. ती तोपर्यंत कापलेली असते. फायनल इयरच्या टीममध्येही क्रॅंक सील हातात धरलेला मुलगा किंवा मुलगी सापडणं कठीण. उद्या त्याच गाडीवर आपल्यापैकीच कुणीतरी बसणार आहे ना?

म्हणून माझी मागणी. टीममध्ये यायचं असेल तर डिझाइनच्या इंटरव्ह्यूआधी प्रत्येकाने एक सीझ झालेलं टू-स्ट्रोक इंजिन उघडावं, कशामुळे सीझ झालं ते लेखी द्यावं, पुन्हा जोडावं आणि लीक टेस्ट पास करून दाखवावी. बॅन्शी नको, ती आपल्याला कोण देणार! जुन्या बाजारातली एखादी आरएक्स100 किंवा मॅक्स100 पुरे. आणि ‘इक्विपमेंट नाही’ हे उत्तर चालणार नाही. डॉक्टरांचं जुनं डायलवालं बीपीचं यंत्र घ्या. त्याचा काटा 300 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे 5.8 पीएसआय, आणि हवा भरायचा रबरी फुगा त्याला आयताच असतो. रबरी बुचं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मिळतील. साबण होस्टेलमधून मी आणतो.